शून्य रोध असूनही चुंबक क्वेंच का होतो, आणि १.९ केल्विनचा खटाटोप कशासाठी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. निओबियम-टायटॅनियमची तार ९.२ केल्विनलाच अतिवाहक होते, तिचा रोध शून्य, म्हणजे ती तापायचा प्रश्नच नाही. मग एलएचसीचे, म्हणजे सर्नमधल्या प्रोटॉनच्या महाकाय त्वरकाचे, चुंबक १.९ केल्विनपर्यंत गार का ठेवतात? एवढं करूनही ते क्वेंच का होतात, म्हणजे त्यांची अतिवाहकता अचानक का जाते? ७७ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, चालणारी आरईबीसीओ या उच्च तापमानाच्या अतिवाहकाची टेप मिळत असताना हीलियमवर एवढा पैसा का घालवायचा? आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तुम्ही द्रव नायट्रोजनमध्ये चार कॉइलचा छोटा क्वाड्रुपोल (किरण एकवटणारा चार ध्रुवांचा चुंबक) करताय, त्याला क्वेंच-संरक्षण लागेल का?

प्रश्न चार दिसतात, पण गाठ एकच आहे. रोध शून्य झाला की तुमचा हिशेब संपतो. आमच्या कामात हिशेब तिथून सुरू होतो. हा शून्य कशाने जाईल, गेला तर किती वेळात कळेल आणि चुंबकात साठलेली ऊर्जा तेव्हा कुठे जाईल, या तीन गोष्टींवर अख्खा चुंबक बेतलेला असतो. मी वीसेक वर्षं अतिवाहक कॉइलच्या चाचण्यांवर काम केलंय, तेव्हा त्याच बाजूने सांगते.

आधी तो ९.२ चा आकडा. तो खरा आहे, पण बाहेर चुंबकीय क्षेत्र नसताना आणि तारेतून नाममात्र धारा जात असताना. अतिवाहकतेचं गणित घरखर्चासारखं असतं. पगार एकच आणि खाती तीन: तापमान, क्षेत्र, धारा. एका खात्यावर जास्त खर्च झाला की उरलेल्या दोन्हींना कात्री लागते. एलएचसीच्या डायपोलमध्ये, म्हणजे किरण वळवणाऱ्या दोन ध्रुवांच्या चुंबकात, क्षेत्र ८.३३ टेस्ला आहे. एवढ्या क्षेत्रात निओबियम-टायटॅनियमची अतिवाहकता साडेपाच केल्विनच्या आसपासच संपते, तेही धारा शून्य धरून. त्यात पूर्ण ११,८५० अँपिअर सोडा, मर्यादा आणखी खाली येते, साधारण सव्वातीन केल्विनवर. म्हणजे साध्या उकळत्या हीलियमच्या ४.२ केल्विनला हा चुंबक पूर्ण धारा वाहूच शकत नाही. १.९ ला ठेवल्यावर जो वाव मिळतो तो दीड केल्विनच्या आतला. एवढ्याशा जागेत सगळा संसार.

याच तारेचं दुसरं टोक तुम्ही जवळून पाहिलं असेल. कुठल्याही मोठ्या रुग्णालयातल्या एमआरआयमध्ये हीच निओबियम-टायटॅनियम असते, ४.२ केल्विनला, आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. कारण तिथे क्षेत्र दीड किंवा तीन टेस्ला. पगारातलं बरंच शिल्लक राहतं.

मग त्वरकात ८.३३ चा हट्ट कशाला? कारण बोगदा आधीच खणलेला होता. एलएचसी बसवला तो एलईपी या जुन्या यंत्राच्या सुमारे २७ किलोमीटरच्या बोगद्यात. प्रोटॉनचा संवेग जीईव्हीमध्ये (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) घेतला तर तो साधारण ०.३ गुणिले टेस्ला गुणिले वळणाची त्रिज्या मीटरमध्ये, इतका येतो. ७,००० जीईव्ही आणि ८.३३ टेस्ला घालून बघा, त्रिज्या २,८०० मीटर निघते. आता १,२३२ डायपोल गुणिले प्रत्येकी १४.३ मीटर करा आणि २π ने भागा, तोच आकडा परत येतो. हे गणित मी प्रत्येक नव्या मुलाला एकदा हाताने करायला लावते, कारण त्यातून कळतं की टेस्ला कमी करायचे तर बोगदा लांबवावा लागतो. लोखंडी गाभ्याच्या साध्या चुंबकांचं क्षेत्र दोन टेस्लाच्या आसपास अडतं, म्हणजे त्याच ऊर्जेसाठी वर्तुळ शंभर किलोमीटरच्या पुढे जाईल.

१.९ ला आणखी एक फायदा आहे, आणि तो मला तापमानाच्या आकड्याहून मोठा वाटतो. २.१७ केल्विनच्या खाली हीलियम अतिद्रव होतं. ते केबलच्या गुंडाळ्यांमधल्या बारीक फटींत शिरतं आणि उष्णता विलक्षण वेगाने वाहून नेतं. बुडबुडे येत नाहीत. किंमत मात्र सणसणीत आहे. ४.५ केल्विनवरची १ वॉट उष्णता काढायला बाहेर सुमारे सव्वादोनशे-अडीचशे वॉट वीज लागते, तर १.९ च्या पातळीवर तेच काम नऊशे ते हजार वॉटवर जातं. म्हणून हे प्रत्येक यंत्राला परवडेल असं नाही, आणि लागेलच असंही नाही. अमेरिकेतल्या फर्मीलॅबचा टेव्हट्रॉन हा त्वरक १९८३ पासून २०११ पर्यंत चार-साडेचार टेस्लावर साध्या द्रव हीलियमच्या तापमानाला चालला. तिथल्याच ब्रुकहेवन प्रयोगशाळेचा आरएचआयसी साडेतीन टेस्लावर तसाच. जर्मनीत बांधला जाणारा एसआयएस-१०० तर दोन टेस्लाच्या आतच राहतो, पण तिथे क्षेत्र सेकंदाला चार टेस्लाच्या वेगाने चढवायचं आहे, त्यामुळे त्यांची डोकेदुखी वेगळी. किती टेस्ला, किती वेगाने आणि किरणाच्या नळीत किती उष्णता पडणार, हे ठरल्याशिवाय ‘किती केल्विन’ याला उत्तर नाही.

आता क्वेंच. धारेने तार तापत नाही, मग उष्णता येते कुठून? बहुतेक वेळा हालचालीतून. ११,८५० अँपिअर गुणिले ८.३३ टेस्ला म्हणजे एका केबलवर दर मीटरला सुमारे दहा टनांचा दाब. अशा गुंडाळ्यांची बेरीज होत होत अख्ख्या डायपोलमध्ये दर मीटरला चारशे टनांच्या घरातलं बल कॉइलला बाहेर ढकलत असतं. ते पेलायला पोलादी कॉलर असतात, घट्ट दाबून बसवलेल्या. तरीही एखादा सेंटिमीटर केबल दहा मायक्रोमीटर सरकली, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, तर घर्षणातून दहा मिलिज्यूल सुटू शकतात. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ४ केल्विनला तांब्याची उष्माधारकता खोलीतल्या तापमानाच्या चार हजारांश उरलेली असते, १.९ ला त्याहून कमी. तेवढ्या केबलचा दीड केल्विनचा वाव संपवायला एक मिलिज्यूलही भरपूर होतो. थंडीमुळे तार अतिवाहक होते आणि त्याच थंडीमुळे ती इतकी हळवी होते.

चाचणी-बाकावर हे कसं दिसतं ते सांगते. नवीन चुंबकाची धारा सावकाश चढवत नेता. पडद्यावर दोन अर्ध्या कॉइलच्या व्होल्टेजमधला फरक, सपाट रेषा. मधूनच एखादा टोकदार काटा उठतो आणि विरून जातो. तो कुठेतरी काहीतरी सरकल्याचा. असे काटे वाढू लागले की खोलीतलं बोलणं आपोआप थांबतं. मग एक रेषा उठते आणि परत खाली येत नाही. शंभर मिलिव्होल्ट, दहा मिलिसेकंद, आणि यंत्रणा धारा तोडते. पुढच्या क्षणी हीलियमचा दाब चढतो, झडप उघडते, परतीच्या नळीवर पांढरं दव धरतं. परत गार करायला काही तास. दुसऱ्यांदा धारा सोडली की तोच चुंबक थोडा वर जाऊन क्वेंच होतो, तिसऱ्यांदा आणखी वर. याला आम्ही ट्रेनिंग म्हणतो. सरकायचं ते सरकून कॉइल जागेवर बसत जाते. ६.५ टीईव्हीला (६,५०० जीईव्हीला) जाण्यासाठी २०१५ मध्ये एलएचसीच्या डायपोलना मिळून दीडशेहून अधिक असे क्वेंच घ्यावे लागले. तेव्हा क्वेंच झाला म्हणजे चुंबक बिघडला, असं मुळीच समजू नका.

बिघडतो तो ऊर्जा सांभाळता आली नाही तर. एका डायपोलमध्ये पूर्ण धारेला सुमारे ७ मेगाज्यूल साठलेले असतात. ३५ टनांचा ट्रक ताशी ७२ किलोमीटरने धावतोय, तेवढे. हे सगळं केबलच्या एका बोटभर तुकड्यात उतरलं तर तो तुकडा वितळणारच. निओबियम-टायटॅनियम अतिवाहकता गेल्यावर अगदी भिकार वाहक असतं, म्हणून प्रत्येक धाग्यात सहा-सात मायक्रोमीटरचे हजारो तंतू तांब्यात रोवलेले असतात, आणि धाग्यात तांबं अतिवाहकापेक्षा जास्त असतं. अतिवाहकता गेली की धारा तांब्यात उतरते. घरातल्या वायरिंगमध्ये आपण दर चौरस मिलिमीटरला आठ-दहा अँपिअरच्या फार वर जात नाही. इथे त्या तांब्याच्या वाट्याला साडेसातशेच्या वर येतात. सेकंदाच्या आत काहीतरी करायलाच हवं.

आणि जे करतात ते पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. आपण मुद्दाम अख्खा चुंबक तापवतो. कॉइलला चिकटवलेल्या पोलादी पट्ट्यांत ९०० व्होल्टला भरलेले कपॅसिटर रिकामे करतात, म्हणजे क्वेंच एका जागी न राहता कॉइलभर पसरतो आणि ७ मेगाज्यूल टनावारी धातूत वाटले जातात. सगळीकडे थोडी ऊब, कुठेच आग नाही. त्याच वेळी त्या चुंबकाला समांतर बसवलेला गार डायोड वाहू लागतो आणि साखळीतल्या बाकी १५३ डायपोलची धारा त्याला वळसा घालून जाते. तीही बाहेरच्या रोधकांत उतरवतात, साधारण शंभर सेकंदांच्या कालांकाने. या हीटरचे सुमारे ५,५०० वीजपुरवठे भारतातून गेले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

एलएचसीतला १९ सप्टेंबर २००८ चा अपघात तुम्ही प्रश्नात ‘चुंबक क्वेंच झाल्यामुळे’ असा लिहिलाय. तिथे थांबा. त्या दिवशी दोष कॉइलमध्ये नव्हता. दोन चुंबकांमधल्या बसबारच्या, म्हणजे एका चुंबकातून दुसऱ्यात धारा नेणाऱ्या पट्टीच्या, जोडात होता. चांगल्या जोडाचा रोध नॅनोओहमच्या काही दशांशांत असतो, तो निघाला सुमारे दोनशे नॅनोओहम. ८,७०० अँपिअरला हिशेब करा: पंधराएक वॉट. घरातल्या एलईडी दिव्याइतके. पण तेवढ्याने जोड तापला, सुटला, ठिणगीची कमान पेटली आणि हीलियमच्या नळकांड्याला भोक पडलं. सहा टनांच्या आसपास हीलियम बाहेर पडलं, दाबाने चुंबक जागचे हलले, ५३ चुंबक वर काढावे लागले, आणि यंत्रात पुन्हा किरण फिरायला नोव्हेंबर २००९ उजाडलं. कॉइलवर पहारा कडक होता. बसबारवर तो तितका बारीक नव्हता. पुढे तिथे स्वतंत्र पहारा आला आणि २०१३ ते २०१५ च्या बंद काळात दहा हजारांहून अधिक जोडांवर तांब्याचे जादा आधार बसवले.

जोडाबद्दल माझी स्वतःची एक आठवण आहे. एका छोट्या चाचणी-कॉइलचा जोड मी केला होता. दोन केबल एकावर एक, मध्ये सोल्डरची पट्टी, बाहेरून तांब्याचा साचा, वरून तापवलं. बाहेरून इतका चकचकीत झाला की मी त्याचा फोटो काढला. गार केल्यावर त्या जोडावर काही मायक्रोव्होल्ट दिसू लागले आणि धारेबरोबर वाढत गेले. आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या कारागिराने तो करवतीने आडवा कापून माझ्या हातात ठेवला. कडांना सोल्डर, आणि मधोमध काळपट फ्लक्सचा थर. उष्णता आतपर्यंत पोचलीच नव्हती. तेव्हापासून जोड कसा दिसतो यावर मी काहीही ठरवत नाही. व्होल्टेज मोजते.

आता तुमच्या क्वाड्रुपोलकडे येण्याआधी क्षेत्राच्या शुद्धतेबद्दल दोन शब्द. डायपोल किरण वळवतो, क्वाड्रुपोल एकवटतो, पण एकाच पातळीत. आडवं एकवटलं की उभं पसरतं, म्हणून ते आलटून पालटून लावतात आणि दोन्ही मिळून गोळाबेरीज एकवटण्याची होते. प्रोटॉन सेकंदाला ११ हजारांहून अधिक फेऱ्या तासन्‌तास मारत असतो, त्यामुळे क्षेत्रातली चूक दहा हजारांत एक-दोन भागांच्या आत लागते. अतिवाहक तंतूंत स्वतःच्या धारा फिरत राहतात आणि कमी क्षेत्राला त्यांची चूक जास्त जाणवते. तंतू इतके बारीक करण्याचं एक मोठं कारण हेच. उरलेलं दुरुस्त करायला प्रत्येक डायपोलच्या टोकाला किरणाच्या दोन्ही नळ्यांवर एकेक छोटा सेक्स्टुपोल, म्हणजे सहा ध्रुवांचा चुंबक, असतो. असे २,४६४ लागले, त्यातले १,१४६ भारताने दिले. त्यांचं काम इंदूरच्या केंद्राच्या देखरेखीखाली झालं, आज ज्याला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र म्हणतात. हातात मावेल एवढा चुंबक, पण त्याच्यावाचून ३५ टनांचा डायपोल बेसूर.

उच्च तापमानाच्या टेपबद्दल. ७७ केल्विन हा आकडाही ९.२ सारखाच आहे, क्षेत्र जवळपास नसतानाचा. क्षेत्र चढवलं की त्याच टेपला २० किंवा ४ केल्विनला न्यावं लागतं. तिथे ती खरोखर अफाट धारा वाहते आणि तिचा वावही मोठा असतो, हालचालीच्या मिलिज्यूलना ती दाद देत नाही. अडचण पुढे आहे. निओबियम-टायटॅनियममध्ये क्वेंच सेकंदाला काही मीटर ते वीसेक मीटर वेगाने पसरतो, त्यामुळे व्होल्टेज पटकन चढतं आणि कळतं. आरईबीसीओमध्ये तो सेंटिमीटरांच्या वेगाने सरकतो. व्होल्टेज दिसेपर्यंत ती जागा जळालेली असते. शिवाय टेप रुंद, म्हणजे तिच्यातल्या फिरत्या धारा मोठ्या, म्हणजे क्षेत्राची चूक मोठी. किंमत तर आहेच. त्यामुळे एलएचसीच्या पुढच्या टप्प्यात किरण आदळण्याआधी एकवटणारे नवे क्वाड्रुपोल निओबियम-टिनचे आहेत: १५० मिलिमीटरचं तोंड, कॉइलवर ११ टेस्लाच्या वर क्षेत्र. तो पदार्थही सोपा नाही. आधी गुंडाळायचा, मग साडेसहाशे अंश सेल्सिअसला भाजायचा, आणि भाजल्यावर काचेसारखा जपायचा. उच्च तापमानाचे अतिवाहक सध्या जिथे शोभतात तिथे आहेतच: बाहेरची धारा थंड भागात नेणाऱ्या लीड्समध्ये.

आता तुमचा प्रकल्प. संरक्षण लागेल, पण तुमचा शत्रू वेगळा आहे. चारही कॉइल मिळून समजा १ मिलिहेन्री आणि धारा ६० अँपिअर, तर साठलेली ऊर्जा जेमतेम दोन ज्यूल. तिने काही होणार नाही. टेप जाळेल तो तुमचा वीजपुरवठा, कारण तो क्वेंच झाल्यावरही इमाने इतबारे ६० अँपिअर देत राहील. ४ मिलिमीटर रुंद टेपवर एकूण ४० मायक्रोमीटर तांबं धरलं, तर नायट्रोजनने मदत केली नाही तेव्हा ती जागा सेकंदाला शंभरहून अधिक अंशांनी तापते. दोन-तीन सेकंदांत सोल्डर वितळेल. म्हणून आपोआप धारा तोडणारं सर्किट हवंच. हातात स्विच धरून बसणं पुरणार नाही.

उंबरठा असा ठरवा. अतिवाहकतेची रूढ कसोटी सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका कॉइलमध्ये १० मीटर टेप असेल तर १ मिलिव्होल्ट. पण धारा सेकंदाला १ अँपिअरने चढवलीत तर चार कॉइलवर मिळून नुसत्या प्रेरकत्वाने १ मिलिव्होल्ट येईल आणि सर्किट फसेल. यावर उपाय मोठ्या चुंबकांचाच: समोरासमोरच्या दोन कॉइलचं व्होल्टेज एकमेकांतून वजा करा. प्रेरकत्वाचा भाग दोन्हींत सारखा, तो कटतो, आणि ज्या कॉइलमध्ये रोध आला तेवढाच फरक उरतो. प्रत्येक कॉइलच्या दोन टोकांना आणि प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना मोजणीच्या तारा लावा, जोड्या पिळून घ्या. जोड वेगळे मोजा. का, ते वर सांगितलंच.

टेपची धारा ठरवताना विक्रेत्याच्या कागदावरचा आकडा तसाच घेऊ नका. तो टेपच्या स्वतःच्या क्षेत्रातला असतो. टेपच्या पृष्ठाला लंब क्षेत्र अर्धा टेस्ला झालं की ७७ केल्विनला तो निम्म्याच्याही खाली येतो, आणि क्वाड्रुपोलच्या कॉइलच्या कडांना नेमकं लंब क्षेत्र भेटतं. आधी क्षेत्राचा नकाशा काढा, मग धारा. कॉइल एपॉक्सीत बुडवू नका, गार होताना थर सुटतात. साधं पॅराफिनचं मेण बरं. नायट्रोजन बंद खोलीत वापरू नका. एका लिटरचे जवळपास सातशे लिटर वायू होतात आणि प्राणवायू कमी झाल्याचं माणसाला कळत नाही. खिडक्या उघड्या, चेहऱ्यावर शील्ड, आणि खोलीत कधीही एकटं नाही. हे तुमच्या मार्गदर्शकांनाही माझ्या वतीने सांगा.

पहिल्या दिवशी चारही कॉइल जोडू नका. एकच कॉइल, ५ अँपिअरच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर मिनिटभर थांबून व्होल्टेज. रेषा सपाट राहून एकदम वर वळायला हवी. सुरुवातीपासूनच तिरकी चढत असेल तर दोष टेपमध्ये नाही, जोडात शोधा. असे चार आलेख झाले की मला पाठवा, कुठली कॉइल कुठल्या कॉइलसमोर बसवायची ते त्यांवरून ठरवू.